रंगीत घावनांची फाईल

विषय : महाराष्ट्र राज्य स्थापना दिनी, रविवार दि. १ मे १९६० रोजी, सकाळच्या न्याहारीस रंगीत घावने करणेबाबत.

एवढं लिहून गंगाधरराव पेडणेकरांनी खाली रेघ मारली. रेघ वाकडी आली म्हणून पट्टी घेऊन दुसरी मारली, आणि निम्मा स्वयंपाक उरकल्यासारखं त्यांना वाटलं.

घावनं करायची तर सर्वसाधारण माणूस आधी तांदूळ भिजत घालतो. गंगाधररावांनी आधी फाईल उघडली. यात त्यांचा दोष नव्हता. मुंबईच्या कोट भागातल्या एका सरकारी कचेरीत अठरा वर्षं कारकुनी केल्यावर माणसाला भूकसुद्धा योग्य मार्गाने लागते. वर विषय, खाली संदर्भ, मग टिपणी. संदर्भाच्या जागी त्यांनी पेन टेकवलं आणि उचललं. कारण संदर्भ जरा नाजूक होता.

संदर्भ : पोलीसव्हॅन.

झालं होतं असं. लालबागच्या पोपटजी चाळीत बासष्ट खोल्या. मराठी राज्यासाठी चाललेल्या चार वर्षांच्या चळवळीत प्रत्येक खोलीतून कोणी ना कोणी तुरुंगात जाऊन आलेलं. खोली सत्तावीसमधूनही गेलं होतं, पण ते गंगाधरराव नव्हेत, त्यांच्या पत्नी बकुळाबाई. बायकांच्या तुकडीत सत्याग्रह केला आणि अकरा दिवस आत राहून आल्या. गंगाधरराव सरकारी नोकर. त्यांना घोषणा द्यायची मनाई, मोर्च्यात जायची मनाई, मोर्चा चालला असेल त्या फुटपाथवर रेंगाळायचीही मनाई. व्हॅन निघाली तेव्हा सगळी चाळ घसा फाडून ओरडत होती आणि गंगाधरराव व्हॅनच्या मागे नुसतेच धावत होते. काहीतरी ओरडायला तर हवं. नियमात बसेल असं काय ओरडावं, हे धावता धावता सुचेना. शेवटी ते ओरडले, "बकुळेऽ, महाराष्ट्र झाला ना, त्या दिवशी सकाळची न्याहारी मी करीन! तू नुसती बसून खा!"

घोषणा म्हणून ती फारशी जोरदार नव्हती. पण व्हॅनमधल्या अकरा बायकांनी ती ऐकली, आणि त्यांतल्या नऊ याच चाळीत राहत होत्या.

आता महाराष्ट्र झाला होता. म्हणजे रविवारी होणार होता.

"रंगीत" हा शब्द विषयात कसा शिरला तेही सांगायला हवं, नाहीतर फाईल अपुरी राहील. कचेरीत गंगाधररावांच्या शेजारच्या टेबलावर माझगावचा डिमेलो बसे. ख्रिस्ती लोकांचे उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी गुळखोबरं भरून पातळ गुंडाळ्या करतात, त्याही गुलाबी आणि हिरव्या. डब्यातून त्यानं दोन आणल्या होत्या. "खा रे पेडणेकर, पॅनकेक आहे, विष नाय." गंगाधररावांनी खाल्ल्या, आणि घरी येऊन नऊ वर्षांच्या नलूपुढे त्यांचं वर्णन केलं. ही चूक.

"म्हणजे रंगीत घावन?" नलू म्हणाली. "मग महाराष्ट्राच्या दिवशी आपली पण रंगीत करायची!"

"त्यात काय!" गंगाधरराव म्हणाले. ही त्याहून मोठी चूक.

बकुळाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"रंगाचं तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "मी खाटेवर बसणार. गरम घावन माझ्या ताटात येईपर्यंत उठणार नाही. पण मला उठावं लागलं, तर तुम्ही व्हॅनच्या मागे जे ओरडलात ते मी ऐकलंच नाही असं समजेन. मग तो विषय पुन्हा काढायचा नाही. तुम्हीही नाही."

हे त्या शांतपणे म्हणाल्या. चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. चार वर्षांत चाळीतल्या पुरुषांनी लाठ्या खाल्ल्या, पायमोजे न घालता तुरुंगातल्या फरशीवर रात्री काढल्या, परत आल्यावर हार घालून घेतले. गंगाधररावांच्या नावावर जमा होतं ते एक वाक्य. ते जर रद्द झालं, तर या सबंध चळवळीत त्यांनी केलं काय?

टिपणी क्र. १ : कृती (सौ. बकुळा यांच्या तोंडी निवेदनावरून).

तांदूळ भिजत घालणे. किती? – आपल्याला लागतील तेवढे.
किती वेळ? – भिजेपर्यंत.
वाटणे. किती बारीक? – हाताला कळतं.
पाणी? – अंदाजानं.
मीठ? – अंदाजानं.
पीठ किती पातळ? – ताकाएवढं.
कोणाकडच्या ताकाएवढं? – (या प्रश्नानंतर सौ. बकुळा उठून नळावर गेल्या.)

अशी कृती घेऊन मोठमोठ्या माणसांनीही हात टेकले असते. गंगाधररावांनी ती फाईलला लावली, फाईल गॅलरीतल्या खुर्चीवर ठेवली आणि ते चहा प्यायला आत गेले.

उघडी फाईल गॅलरीत ठेवणं म्हणजे चाळीच्या भिंतीवर नोटीस चिकटवणं. गंगाधरराव चहा पिऊन बाहेर आले तेव्हा खुर्चीत शेजारचे शामराव बसले होते आणि चष्मा कपाळावर सरकवून टिपणी वाचत होते. शामराव म्हणजे गिरणीच्या रंगखात्यातून एकतीस वर्षांनी निवृत्त झालेले गृहस्थ, आणि चाळीच्या उत्सव समितीचे चिटणीस. गणपती असो, हळदीकुंकू असो, कोणाच्या घरी बारसं असो, शामराव त्याचे चिटणीस असत.

"पेडणेकर," शामराव गंभीरपणे म्हणाले, "हे खासगी ठेवता येणार नाही."

"अहो, न्याहारी आहे ती. आमच्या तिघांची."

"तेच म्हणतोय. राज्याच्या पहिल्या दिवशी, रंगीत घावनं, आणि तिघांत?" त्यांनी फाईल मिटली आणि काखेत मारली. "समितीपुढे ठेवतो."

पोपटजी चाळ उत्सव समिती. सभेचा वृत्तान्त. दि. २८ एप्रिल. स्थळ : दुसऱ्या मजल्याचा जिना.

१. पहाटे प्रभातफेरी. मंजूर.
२. सकाळी आठ वाजता झेंडावंदन. मंजूर.
३. साडेसात वाजता अल्पोपाहार : रंगीत घावने, श्री. पेडणेकर, खोली २७. श्री. पेडणेकर यांनी घावने तिघांपुरती असल्याचे निदर्शनास आणले. ते ऐकून घेण्यात आले. बासष्ट खोल्यांपुरती मंजूर. खोलीमागे एक वाटी तांदूळ जमा करावा.
४. रंग.

इथून पुढे शामरावांचं अक्षर ओळीच्या खाली घसरत गेलेलं आहे, म्हणून जिन्यावर काय झालं ते आपणच सांगितलेलं बरं.

"पहिलं घावन लाल," रामदास म्हणाला. हा तळमजल्यावरचा, युनियनचा माणूस. बोलताना मूठ आपोआप वर जायची, मग मीठ का मागायचं असेना. "संप कोणी केले? गिरणगावानं. बस. विषय संपला."

"भगवा!" वरच्या पायरीवरून कोणीतरी ओरडलं. "शिवाजी महाराजांच्या राज्यात पहिलं घावन लाल?"

"हळद आणि बीट एकत्र केलं तर भगवा..." गंगाधरराव सांगू गेले.

"एकत्र नको!" दोन्ही बाजू एकदम म्हणाल्या.

पांढऱ्या, म्हणजे बिनरंगाच्या घावनाचा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी खोली नऊकडे बघितलं. तिथं चाळीतलं एकुलतं काँग्रेसवालं कुटुंब राहायचं. आम्हाला काहीही चालेल, असं तिथले गृहस्थ म्हणाले. चार वर्षांत त्यांना ती सवयच झाली होती.

मग कठड्याला टेकून इतका वेळ गप्प उभे असलेले कुशाबा बोलले. कुशाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. साडेतीन वर्षांपूर्वी त्यांच्या घरानं बौद्धधर्माची दीक्षा घेतली होती, आणि चाळीच्या मोर्च्यात निळा झेंडा नेहमी त्यांच्याच हातात असे.

"लाल झाला, भगवा झाला, हिरवा झाला, पिवळा झाला," त्यांनी बोटं मोजली. "निळा कुठाय?"

गंगाधररावांच्या यादीत निळा नव्हता. स्वयंपाकघरात निळं काही नसतंच, हे खरं कारण. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"चार वर्षं उन्हातान्हात निळा झेंडा तुमच्या खांद्याला खांदा लावून चालला," कुशाबा म्हणाले. "खायच्या वेळेला तेवढा निळा सापडंना व्हय?"

सबंध जिन्यानं आपापल्या पायांकडे बघितलं. गंगाधरराव इतके ओशाळले की घाईघाईनं म्हणाले, "तसं नाही, घरी नीळ आहे."

"ती शर्टाला लावत्यात, पेडणेकर," कुशाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ते स्वतःच खोली सत्तावीसच्या दारात आले. हातातल्या रुमालात गोकर्णाची फुलं होती. त्यांच्या खिडकीत डालड्याच्या डब्यात वेल होता. "कोमट पाण्यात टाका. गडद निळं उतरतं. आमच्या हिनं वाटीत करून बघितलंय." गंगाधररावांना एवढं बरं वाटलं की त्यांनी फाईलमध्ये स्वतंत्र टिपणी केली : निळ्याचा प्रश्न श्री. कुशाबा यांच्या सौजन्याने मिटला.

पहिलं घावन कोणत्या रंगाचं, हा प्रश्न मात्र सभा तीन वेळा तहकूब होऊनही मिटला नाही. शेवटी ठरलं की पहिलं घावन बिनरंगाचं करावं, नमुन्यादाखल. ते कोणत्याही पक्षाचं धरू नये.

तांदूळ जमले. बासष्ट वाट्या. उकडा आला, आंबेमोहोर आला, कण्या आल्या, तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी साबुदाणा पाठवला आणि तो घातल्यावर कळलं. वाटण बायकांनी आपापल्या पाट्यावर करून दिलं. अंघोळीचा तांब्याचा हंडा घासून त्यात पीठ ओतलं. ते ताकाएवढं झालं की नाही यावर नऊ जणींची नऊ मतं पडली. गंगाधररावांनी बिनरंगाचं थोडं हंड्यातच ठेवलं आणि बाकीचं पीठ चार पातेल्यांत वाटून लाल, हिरवा, पिवळा, निळा असे रंग घातले. बीट, पालक, हळद, गोकर्ण. भगव्याचं बघू म्हणून राहिलं. चारही पातेली ओळीत लावली तेव्हा त्यांना क्षणभर आपल्या अठरा वर्षांच्या नोकरीपेक्षाही सुंदर काहीतरी आपल्या हातून झाल्यासारखं वाटलं. मग ते अंघोळीला गेले.

रविवार उजाडला होता. प्रभातफेरी फिरून आली होती. बकुळाबाई नवं लुगडं नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा माळून खाटेवर बसल्या होत्या. पाय वर, मांडी घालून. समोर रिकामं ताट. नलू शेजारी.

गंगाधरराव ओलं डोकं पुशीत मोरीतून बाहेर आले तर शामराव पातेल्यांवर वाकलेले. हातात लिंबाची फोड. जमिनीवर पिळलेल्या सालींचा ढीग.

"शामराव! काय केलंत?"

"रंग बांधला," शामराव समाधानानं म्हणाले. "तुम्ही नुसतेच रंग घातलेत. आंबट दिल्याशिवाय रंग पक्का होत नाही, पेडणेकर. एकतीस वर्षं रंगखात्यात काढली. माझ्या हातचं कापड एक वार परत आलं नाही."

"अहो, पण हे कापड नाही!"

"तत्त्व तेच."

गंगाधररावांनी बायकोकडे बघितलं. "तू समोर बसलीयस आणि..."

"उठायचं नाही असं ठरलंय ना?" बकुळाबाई म्हणाल्या. "नाहीतर पहिल्या लिंबालाच हात धरला असता. तोंडानं सांगितलं तर म्हणतात, वहिनी, हे तांत्रिक आहे."

निळ्या पातेल्यात निळं राहिलं नव्हतं. झकास जांभळं झालं होतं. दारात कुशाबा उभे होते. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं, मान वाकडी केली, पुन्हा बघितलं.

"हा कुठला पक्ष?" त्यांनी विचारलं.

शामरावांनी हातातली फोड पाठीमागे नेली.

तवा राधाबाईंचा. समोरच्या खोलीतल्या ह्या मालवणच्या आजी उंबऱ्यावर तव्याच्या राखणीला बसल्या होत्या. तवा बिडाचा, जड, तेल पिऊन पिऊन काळाभोर झालेला. "माझ्या सासयेचो तवो ह्यो," त्यांनी बजावलं. "ह्येका माझो हात म्हायत आसा. तुझो नाय. तेव्हा सांभाळून रे बाबा."

स्टोव्ह भरभरू लागला. गंगाधररावांनी तव्यावर तेल फिरवलं, पळीभर बिनरंगाचं पीठ ओतलं आणि झाकण ठेवलं. गॅलरीत पितळी ताटल्या घेऊन रांग लागली होती. रांगेचं टोक जिन्यावर होतं. समितीनं रांगेला दोन स्वयंसेवक नेमले होते आणि ते दोघे रांगेत पुढे उभे होते.

झाकण काढलं. उलथणं घातलं. घावन सुटलं आणि अर्धवट सुटलं. खालचा एक लचका तव्याला तसाच राहिला, उजवीकडे एक टोक लांबलं, डाव्या अंगाला काठ कुरतडल्यासारखा झाला. गंगाधररावांनी ते कसंबसं उचललं आणि खाटेकडे वळले.

"थांबा!" शामरावांनी चष्मा लावला. "पेडणेकर, थांबा! अहो, हा तर महाराष्ट्र!"

दारात डोकी वाढली. खरंच होतं. डावीकडे कुरतडलेला कोकणकिनारा, उजवीकडे लांबत गेलेला विदर्भ. ज्या जागी बुडबुडा फुटून भोक पडलं होतं तिथं लोकांनी पुणं ओळखलं.

"बेळगाव कुठाय?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तव्याला चिकटलं," गंगाधरराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"तव्याला नाही, म्हैसूरला!"

"मग खरवडून काढा की!"

"खरवडून नाही, लढून घेणार!" रामदासची मूठ वर गेली, आणि गॅलरीभर घोषणा सुरू झाल्या. त्या गदारोळात राधाबाई एकट्याच तव्यावरचं बेळगाव उलथण्यानं सोडवीत होत्या. ते सुटलं तेव्हा करपलेलं होतं. यावरही घोषणा झाल्या.

हे घावन खाण्याचं नव्हे, असं समितीनं जागच्या जागी ठरवलं. ताटलीत ठेवून, वर जाळीचं झाकण घालून ते झेंड्याखालच्या टेबलावर ठेवण्यात आलं. बकुळाबाईंचं ताट रिकामं राहिलं.

दुसरं घावन लाल. पीठ लालभडक होतं, पण तव्यावर पडल्याबरोबर रंग ओसरू लागला आणि उलटेपर्यंत विटकरी झालं.

"लाल असाच असतो," खोली नऊमधले काँग्रेसवाले चार वर्षांत प्रथमच स्वतःचं मत बोलून गेले. "तापलं की उतरतो."

रामदासनं ते घावन पुरावा म्हणून ताब्यात घेतलं. बकुळाबाईंचं ताट रिकामं.

तिसरं हिरवं. लिंबानं आणि तव्यानं मिळून पालकाचं असं काही केलं की घावन चक्क खाकी झालं. पोलिसी खाकी. रांगेतली पहिली ताटली मागे सरली, तिच्यामागची सरली. ज्यांच्या पाठीवर लाठीचे वळ अजून दुखत होते त्यांना तुम्ही सकाळी सकाळी खाकी घावन वाढता? ते तसंच तव्यावर वाळलं. फक्त पिवळा टिकला. तो कोणाचाच नव्हता म्हणून असेल. पण पिवळी घावनं सुटेनात. साबुदाण्यानं त्यांना तव्याची माया लावली होती. आलेला प्रत्येक तुकडा रांगेत कोणा ना कोणाच्या ताटलीत गेला. झेंडावंदनाची वेळ होऊन गेली. स्टोव्ह दोनदा विझला. गंगाधररावांच्या कपाळावर जांभळं पीठ, कोपरावर विटकरी, आणि बनियनवर बाकीचे पक्ष.

"पेडणेकर, पोरं उपाशी आहेत!"

"अहो, कचेरीत पण असंच काम करता का?"

"बकुळा, उठ गो," राधाबाईंनी शेवटी उंबऱ्यावरून हाक मारली. त्यांच्या बोलण्यात कळवळा होता, आणि तोच जास्त लागला. "ह्या बाबाक जमूचा नाय. तुझो हात लाव. दोन मिनिटांत सगळी चाळ जेवतली."

"बरोबर," शामराव म्हणाले. "वहिनी, आता तुम्हीच सूत्रं हाती घ्या. राज्याच्या पहिल्याच दिवशी चाळ उपाशी राहिली तर बाहेर काय तोंड दाखवायचं?"

बकुळाबाईंनी रांगेकडे बघितलं. रिकाम्या ताटाकडे बघितलं. नवऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही. एक सुस्कारा सोडून त्यांनी मांडी मोडली आणि उजवा पाय खाली फरशीवर टेकवला.

तो पाय गंगाधररावांना दिसला.

जोडव्याची बोटं फरशीवर. टाच अजून अधांतरी. दुसरा पाय खाली आला की झालं. त्या काही बोलणार नव्हत्या. पदर खोचून बासष्ट खोल्यांना वाढणार होत्या, छान होणार होतं सगळं, आणि संध्याकाळी नेहमीसारखा चहा त्यांच्या हातात देऊन म्हणणार होत्या, साखर पुरेशी आहे ना?

"टाच टेकू नको," गंगाधरराव म्हणाले.

"अहो, लोक..."

"टेकू नको." मग ते दाराकडे वळले. त्यांचा आवाज चिरका आला, पण आला. "हंडा घ्या. ही पातेली घ्या. बासष्ट खोल्यांत बासष्ट स्टोव्ह आहेत. ज्यानं त्यानं आपला रंग आपल्या तव्यावर भाजावा."

"पेडणेकर, ठराव झालेला आहे!" शामराव म्हणाले.

"झाला असेल."

असं उत्तर त्यांनी उभ्या हयातीत कोणत्याही ठरावाला दिलं नव्हतं. हंडा बाहेर गेला. चारही पातेली बाहेर गेली. राधाबाई उठून बाजूला झाल्या न झाल्या तोच गंगाधररावांनी दार लोटलं आणि आतून कडी घातली.

पोपटजी चाळीत दिवसा कडी घालायचे प्रसंग दोनच : घरात नवं लग्न किंवा दारात पोलीस. कडीचा आवाज बाहेर अख्ख्या गॅलरीनं ऐकला. मग पहिला आवाज राधाबाईंचा आला, "माझो तवोऽ!"

आत फक्त एक तसराळं उरलं होतं. प्रत्येक पळी निथळून ठेवायची सवय म्हणून गंगाधररावांनी सकाळपासून सगळ्या रंगांचं उरलंसुरलं पीठ त्यात सोडलं होतं. लाल, खाकी, पिवळा, जांभळा, बिनरंगाचा. सगळं मिळून त्याला आता त्यांच्या कचेरीतल्या कोटाचा रंग आला होता, कोपराजवळचा.

"पेडणेकर, दार उघडा!"

"उघडलंच पाहिजे!"

चार वर्षं घोटलेली लय होती ती. दार हादरत होतं. गंगाधररावांनी स्टोव्ह बारीक केला, तव्यावर तेलाचं बोट फिरवलं आणि पळी ओतली. किती, ते त्यांनी मोजलं नाही. या खेपेला त्यांनी झाकणही ठेवलं नाही. नुसते उकिडवे बसून बघत राहिले. पीठ पसरलं. जाळी पडली. काठ हळूच वर आले. त्यांनी उलथणं घातलं.

घावन सबंध सुटलं. गोल नव्हतं, पण कोणत्याही राज्याचा नकाशाही नव्हता. ते त्यांनी बकुळाबाईंच्या ताटात ठेवलं. त्यांचा उजवा पाय अजून तसाच होता, टाच अधांतरी.

"बाबा, हा कुठला रंग?" नलूनं वाकून बघितलं.

गंगाधररावांनी तव्यावर पुन्हा तेलाचं बोट फिरवलं.

"गरम आहे," बकुळाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी पहिला घास तोडला.

दुसरं घावन तव्यावर पडलं तेवढ्यात दाराच्या खालून एक कागद आत सरकला. शामरावांचं अक्षर. नलूनं तो उचलून आईकडे दिला. बकुळाबाई घास चघळत मोठ्यानं वाचू लागल्या.

"तातडीची सभा. स्थळ : खोली सत्तावीसचे दार. श्री. गं. वि. पेडणेकर यांनी समितीने मंजूर केलेला सार्वजनिक अल्पोपाहार खासगी केल्याबद्दल, भर दिवसा कडी घातल्याबद्दल, तसेच श्रीमती राधाबाई यांचा तवा अडकवून ठेवल्याबद्दल ही सभा त्यांचा तीव्र निषेध करते." त्या थांबल्या. "तीव्र लिहिलंय हो."

"बघू?"

"तीव्र. दोनदा खाली रेघ मारलीय." त्यांनी कागद उजेडात धरला. "मला अकरा दिवस मिळाले, पण तीव्र नाही मिळालं."

"अजून काय आहे?"

"पोच द्यावी, म्हणतात. सही करून."

गंगाधररावांचा हात आपसूक खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशाकडे गेला. पेन तिथं होतं. आलेल्या कागदाची पोच त्याच दिवशी द्यायची, हे त्यांच्या रक्तात होतं. इतक्यात तव्यावरच्या घावनाचा काठ सुटला. एक क्षण ते पेन आणि तवा यांच्यामध्ये वाकडे उभे राहिले. मग खाली बसले आणि घावन उलटलं.

"माझं ताट?" नलू म्हणाली.

ताटल्या सगळ्या समितीनं नेल्या होत्या. बकुळाबाईंनी ठराव खाटेवर पसरला, हातानं सारखा केला, आणि गंगाधररावांनी दुसरं घावन त्याच्यावर ठेवलं. तेल कागदात उतरू लागलं. शामरावांनी "तीव्र" लिहिताना पेन फार दाबलं होतं. तो शब्द सर्वात आधी आरपार दिसायला लागला.

बाहेर घोषणा विरळ झाल्या होत्या. एकेका खोलीतून स्टोव्हचे आवाज येत होते, तवे आपटत होते, आणि लाल घावन कसं उलटायचं यावरून तळमजल्यावर रामदासचं बायकोशी वाजलं होतं. दाराशी कुशाबांचा आवाज आला, "पेडणेकर, जांभळं चांगलं लागतंय हो!" आणि पाठोपाठ शामरावांचा, "पोच हवी आहे! पोच!"

बकुळाबाईंनी उजवा पाय वर घेतला. दोन्ही पाय पोटाशी ओढून, भिंतीला टेकून त्या नीट बसल्या आणि रिकामं ताट त्यांनी पुढे केलं.

"आहे का अजून?"

तसराळ्यात एकाचं पीठ होतं. गंगाधररावांनी ते निपटून पळीत घेतलं. तव्यावर ओतता ओतता, मान न वळवता, ते दाराला म्हणाले,

"पोच उद्या मिळेल, शामराव. आज कचेरी बंद आहे."